कबुलीशिवाय खटला संपत नाही

शेरलॉक होम्सला गुन्हेगार सापडला की त्याचं काम संपतं. पुढे लेस्ट्रेड बेड्या घालेल, कोर्ट भरेल, ज्यूरी बसेल. त्यात होम्सला रस नाही आणि वाचकालाही नाही. जुन्या चीनमधल्या रहस्यकथांत मात्र खरी पंचाईत तिथूनच सुरू होते. खुनी कोण हे न्यायाधीशाला ठाऊक असतं. बऱ्याचदा ते वाचकालाही पहिल्या काही पानांतच सांगून टाकलेलं असतं. अडलेलं असतं ते एवढंच, की आरोपी गुडघे टेकून बसलाय आणि नाही म्हणतोय. तो नाही म्हणतोय तोवर खटला संपत नाही, आणि खटला लांबला की मान न्यायाधीशाची अडकते.

रॉबर्ट व्हान गुलिक या डच मुत्सद्द्याने ‘जज डी’ या नायकावर सोळा पुस्तकं लिहिली. ती आजही जगभर वाचली जातात. वातावरण अनोखं आहे, कंदील आहेत, पॅगोडे आहेत, हे त्याचं एक कारण असेलच. माझ्या मते त्यांतली गंमत कायद्यात आहे. चिनी कायद्याने न्यायाधीशाला जे अधिकार दिले आणि त्याच हाताने त्याच्या गळ्यात जे लोढणं अडकवलं, त्यातून या कथांचं सगळं नाट्य जन्मतं.

आधी या न्यायाधीशाची नोकरी समजून घ्यायला हवी. जिल्ह्याचा दंडाधिकारी म्हणजे बादशाही कारभाराचा अगदी तळातला अधिकारी, पण जनतेला दिसणारं सरकार ते एवढंच. सारा तोच गोळा करणार, जन्म-मृत्यूच्या नोंदी तोच ठेवणार, पूर आला तर बंधाऱ्यावर तोच उभा राहणार. मामलेदार, फौजदार, सरकारी वकील आणि न्यायाधीश हे सगळे एकाच टोपीखाली. आरोपीला वकील नाही. कचेरीचे दरवाजे उघडे, त्यामुळे बाहेर अख्खं गाव जमलेलं. हा अधिकारी स्वतःच्या मुलखात कधीच नेमला जायचा नाही, म्हणजे नातेवाइकांची भीड नको. दर तीनेक वर्षांनी बदली. नव्या गावात उतरल्यावर त्याला तिथली बोलीसुद्धा धड कळत नसे. रहस्यकथेच्या लेखकाला याहून सोयीचा नायक कुठे मिळणार? तो परका आहे, त्याला सगळीकडे प्रवेश आहे, आणि दर तीन वर्षांनी नवं गाव, नवी माणसं, नवी प्रेतं.

आता लोढण्याकडे येऊ. तांग राजवटीची जी संहिता 653 मध्ये जारी झाली, तिच्यात 502 कलमं होती. छळ करून कबुली काढायला तिची परवानगी होती, पण मोजून-मापून. एका आरोपीला तीनदाच मारता येई, दोन वेळांमध्ये वीस दिवसांचं अंतर, आणि सगळे मिळून फटके दोनशेच्या वर नाहीत. एवढं सोसूनही त्याने कबूल केलं नाही तर जामिनावर सोडायचं. मग काही अपवाद वगळता, ज्याने फिर्याद केली त्याची पाळी. खोटी फिर्याद करणाऱ्याला आरोप सिद्ध झाला असता तर जी शिक्षा झाली असती, तीच शिक्षा मिळे. आणि न्यायाधीशाने जाणूनबुजून निरपराध्याला शिक्षा दिली, तर ती शिक्षा त्याच्यावर उलटे. देहदंडाची फाइल तर वरच्या कचेऱ्यांतून थेट बादशहापर्यंत जायची. कागदावर तरी बंदोबस्त चोख होता. प्रत्यक्षात फटक्यांचा हिशेब कोण ठेवत होतं, हा प्रश्न निराळा.

एक बारकावा इथेच सांगतो. पुरावा निर्विवाद असेल तर कबुलीशिवायही शिक्षा देता येईल अशी सोय तांग संहितेत होती. पुढे मिंग आणि चिंग काळात कबुलीजबाबाला जवळजवळ पर्याय उरला नाही. कागदावर आरोपीचा अंगठा उमटल्याशिवाय फाइल पुढे सरकत नसे. चिनी न्यायकथा ज्या रूपात आपल्यापर्यंत पोहोचल्या, त्या या नंतरच्या काळात छापलेल्या आहेत. त्यामुळे त्यांतला तांग काळातला न्यायाधीशही मिंग-चिंग काळातल्या कायद्याने बांधलेला असतो.

न्यायकथांची ही परंपरा पुष्कळ जुनी. तिचा सर्वांत लाडका नायक सुंग काळातला पाओ चंग (999–1062), काळ्या चेहऱ्याचा, लाच न घेणारा, बादशहाच्या नातलगांनाही न सोडणारा. युआन काळात त्याच्यावर नाटकं आली. त्यातल्याच एका नाटकात दोन बायका एका मुलावर हक्क सांगतात आणि पाओ चंग खडूचं वर्तुळ आखून निवाडा करतो. ते कथानक युरोपात गेलं, ब्रेख्तने ते कॉकेशसच्या डोंगरात नेलं, आणि तिथून ते चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘अजब न्याय वर्तुळाचा’मध्ये मराठी रंगभूमीवर आलं. विजया मेहतांनी बसवलेल्या त्या नाटकाला टाळ्या वाजवणाऱ्या प्रेक्षकांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की वर्तुळ आखणारा मूळ हात कायफंगच्या एका न्यायाधीशाचा होता!

व्हान गुलिकला सापडला तो मात्र पाओ चंग नव्हे. त्याच्या हाती अठराव्या शतकातली एक निनावी कादंबरी लागली. तिचा नायक ती रनज्ये, म्हणजेच पुढचा जज डी. मूळ कादंबरीत चौसष्ट प्रकरणं होती. गुलिकने पहिल्या तीसांचाच अनुवाद केला. उरलेला भाग सम्राज्ञी वूच्या दरबारातल्या भानगडींचा होता आणि कुणीतरी मागाहून चिकटवला असावा, असं त्याचं मत होतं. तो अनुवाद त्याने 1949 मध्ये टोकियोत स्वखर्चाने छापून घेतला.

या कादंबरीत तीन खटले एकमेकांत गुंफले आहेत. एका खटल्यात नव्या नवरीला लग्नाच्या रात्री विष चढतं, आणि सगळे संशय फोल ठरल्यावर न्यायाधीशाची नजर चुलीवरच्या आढ्याकडे जाते. तिथे साप आहे, आणि चहाच्या आधणाची वाफ वर गेली की त्याचं विष थेंबाथेंबाने खाली पडतं. ही युक्ती सापांच्या अभ्यासकांना पटायची नाही. कथेत मात्र ती छान बसते. दुसरा खटला यापेक्षा किती तरी मोठा आहे. एका तरुण विधवेचं वागणं न्यायाधीशाला खटकतं. तिची लहान मुलगी मुकी आहे, आणि ती जन्मतः मुकी नव्हती. न्यायाधीश नवऱ्याचं प्रेत उकरून काढायचा हुकूम देतो. अख्ख्या गावासमोर पंचनामा होतो. शव तपासणारा कर्मचारी अंगाचा इंच न् इंच पाहतो. जखम नाही, विषाची खूण नाही. विधवा आकांत मांडते, गर्दी तिच्या बाजूची होते, आणि न्यायाधीशाच्या लक्षात येतं की पुरावा मिळाला नाही तर आता शिक्षा आपल्यालाच.

पुढे पुरावा मिळतो, पण कबुली मिळत नाही. छळाने ती बाई नमत नाही. शेवटी न्यायाधीश कचेरीतच नरक उभा करतो. रात्रीची वेळ, मिणमिणता उजेड, शिपायांनी चढवलेली यमदूतांची सोंगं आणि उच्चासनावर खुद्द नरकाचा न्यायाधीश. हा चिनी नरकराजा म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोहोचलेला आपला यम. आपण मेलो आहोत आणि इथे खोटं चालणार नाही, असं वाटून ती बाई सगळं सांगून टाकते. होम्सच्या वाचकाला हा प्रकार पोरकट वाटेल. पण ज्या व्यवस्थेत पुराव्याचा डोंगरही कबुलीच्या एका वाक्यापुढे अपुरा पडतो, तिथे न्यायाधीशाला नाटक्या व्हावंच लागतं.

हे सगळं शोधणारा गुलिक हा स्वतःच एखाद्या कादंबरीत शोभावा असा माणूस. जन्म 1910 चा, नेदरलँड्समधल्या झुटफेन गावचा. वडील डच ईस्ट इंडीजच्या लष्करात डॉक्टर, त्यामुळे लहानपण जावाच्या बाटावियात गेलं. तिथल्या दुकानांवरच्या चिनी पाट्यांनी त्याला वेड लावलं. शाळेत असतानाच संस्कृत शिकला. 1932 मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने कालिदासाचं ‘विक्रमोर्वशीय’ डच भाषेत आणलं. डॉक्टरेट मिळवली ती हयग्रीवावर, म्हणजे घोडमुखी देवता भारतातून चीन-जपानपर्यंत कशी पोहोचली यावर. पुढे परराष्ट्र खात्यात शिरला. टोकियो, युद्धकाळात चोंगछिंग, नंतर वॉशिंग्टन, नवी दिल्ली, बैरूत, क्वालालंपूर. चोंगछिंगमध्ये एका चिनी घराण्यातल्या मुलीशी लग्न केलं. सात तारांची चिनी वीणा वाजवायला शिकला आणि तिच्यावर ग्रंथ लिहिला. घरी गिबन माकडं पाळली आणि त्यांच्यावरही ग्रंथ लिहिला. चीन आणि जपानमध्ये संस्कृतचा अभ्यास कसा चालत आला, यावरचं त्याचं ‘सिद्धम्’ हे पुस्तक 1956 मध्ये छापलं गेलं ते नागपुरात, डॉ. रघुवीर यांच्या संस्थेकडून. त्याच वर्षी हेगमध्ये जज डीच्या एका कादंबरीची इंग्रजी आवृत्ती निघाली. एकाच लेखणीतून बीजमंत्रांचा इतिहासही उतरत होता आणि बंद खोलीतला खूनही.

कादंबऱ्यांमागे मुळात एक तक्रार होती. जपान आणि चीनमधली पुस्तकांची दुकानं पाश्चात्त्य डिटेक्टिव्ह कथांच्या सुमार अनुवादांनी भरली होती, आणि ज्यांची स्वतःची परंपरा शतकानुशतकं जुनी, ते लोक परक्यांची उष्टी चाखत होते. म्हणून गुलिकने नमुना म्हणून एक कादंबरी लिहून दाखवायची ठरवली. लिहिली इंग्रजीत, पण पहिल्यांदा वाचली गेली ती 1951 मध्ये जपानी अनुवादात, आणि चिनी आवृत्ती त्याने स्वतःच तयार केली. युरोपला ती मागाहून मिळाली.

नमुना घडवताना त्याने जुन्या कथेतलं काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे फार विचाराने ठरवलं. खुनी पहिल्याच पानावर सांगायचा, ही पद्धत त्याने सोडली. भुतंखेतं त्याने कडेला नेली. भास होतात, भीती वाटते, पण खटला त्यांच्या साक्षीवर उभा राहत नाही. मधूनच येणारी लांबलचक प्रवचनं, कविता, सरकारी कागदांच्या अख्ख्या नकला त्याने छाटल्या. एकाच वेळी तीन खटले चालवायची तऱ्हा मात्र ठेवली. न्यायाधीशाचा जुना नोकर हूंग, आणि मा जूंग, च्याओ ताय, ताओ गान हे सुधारलेले दरोडेखोर आणि ठकसेन असे मदतनीसही ठेवले. गावाचा नकाशा आणि चित्रं त्याने स्वतः काढली, मिंग काळातल्या लाकडी ठशांच्या शैलीत. आणि कबुलीची अट त्याने जपून ठेवली.

त्याच्या कारागिरीचा एक मासला जवळून पाहण्यासारखा आहे. (ज्यांना ‘द चायनीज मेझ मर्डर्स’ वाचायची आहे त्यांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) सरहद्दीवरच्या लानफांग गावात एक म्हातारा सेनापती आपल्या अभ्यासिकेत मेलेला सापडतो. दार आतून बंद, भिंती भक्कम, आणि गळ्यात रुतलेलं एक इवलंसं, विष लावलेलं पातं. कुणी आत आलं नाही, कुणी बाहेर गेलं नाही. गुपित आहे ते मेजावरच्या लेखणीत. चिनी लेखणी म्हणजे कुंचलाच. नवा कुंचला वापरायला घेताना त्याचे इकडेतिकडे निघालेले केस मेणबत्तीवर जाळून घेतात. या कुंचल्याची दांडी पोकळ आहे, आत स्प्रिंग दाबून ठेवलेली आणि ती राळेने अडवलेली. म्हातारा कुंचला ज्योतीपाशी धरतो, केस नीट जळताहेत ना हे पाहायला डोळ्यांजवळ आणतो, ऊब लागून राळ वितळते आणि पातं सुटतं. बंद खोलीची कोडी शेकड्यांनी लिहिली गेली आहेत. पण इथे मारेकरी म्हणजे साक्षर माणसाची रोजची एक सवय, आणि ती सवय चिनीच आहे. लंडनच्या अभ्यासिकेत हा खून होऊच शकत नाही.

साहित्यिक उचलेगिरीबद्दल गुलिक कधी आडपडदा ठेवत नाही. पुस्तकाच्या शेवटी तो सांगून टाकतो की हे कथानक अमुक जुन्या संग्रहातून घेतलं, ती युक्ती तमुक ग्रंथातली. 1211 मधल्या एका न्यायविषयक पुस्तकाचा त्याने अनुवादच केला. त्यात दंडाधिकाऱ्यांसाठी 144 जुनी प्रकरणं जोडीजोडीने मांडली आहेत, म्हणजे मिळतीजुळती प्रकरणं शेजारीशेजारी वाचता यावीत. अशा जुन्या ग्रंथांपैकीच एक सुंग त्स या अधिकाऱ्याने 1247 मध्ये शवपरीक्षेवर लिहिला. त्यात एका खुनाच्या तपासात गावातल्या सगळ्यांना आपापले विळे उन्हात मांडायला लावतात, आणि माशा एकाच विळ्यावर घोंघावू लागतात. विळा धुतलेला असतो, पण रक्ताचा वास माशांना लागतोच.

काही गोष्टी मात्र खटकतात. कथा सातव्या शतकातली, पण पोशाख, घरं, चालीरीती मिंग काळातल्या, म्हणजे सात-आठशे वर्षं पुढच्या. गुलिकला हे पक्कं माहीत होतं; जुन्या चिनी कादंबरीकारांनी तेच केलं, असं त्याचं उत्तर. ते मला मान्य आहे. भिक्षू आणि मठ जवळपास दरवेळी भ्रष्ट निघतात, सरहद्दीपलीकडचे लोक बहुधा रानटी ठरतात. डीचा कन्फ्यूशियन अहंकार दाखवायचा म्हणून एकदा ठीक, पण दहाव्यांदा वाचताना ही लेखकाचीही सोय आहे असं वाटायला लागतं. बायकांचं चित्रण तर बऱ्याचदा चवीने केलेलं. जपानी प्रकाशकाला मुखपृष्ठावर नग्न स्त्री हवी होती, तेव्हा चिनी परंपरेत असं चित्र आहे का हे शोधताना गुलिकला मिंग काळातल्या शृंगारिक चित्रांचा नाद लागला. त्यातून चिनी कामजीवनाच्या इतिहासावर मोठा ग्रंथ झाला, पण कादंबऱ्यांवरही त्या नादाची सावली पडली.

सगळ्यांत एकच वाचायची असेल तर मी ‘द चायनीज नेल मर्डर्स’ (1961) सुचवेन. इथे त्याने त्या मूळ कादंबरीतला उकरलेल्या प्रेताचा प्रसंग पुन्हा हातात घेतला आहे. उत्तरेकडचं, बर्फाने गोठलेलं गाव. एका व्यापाऱ्याच्या विधवेवर डीचा संशय. कबर उघडली जाते, काही सापडत नाही, गाव खवळतं, आणि डी राजीनाम्याची तयारी करतो. मार्ग दाखवते ती शव तपासणाऱ्या औषध्याची बायको, शांत, समंजस, डीला मनापासून आवडलेली. खूण केसांत लपलेली असू शकते, असं ती सुचवते. डोक्यात ठोकलेला खिळा. खटला सुटतो, आणि त्याच क्षणी डीच्या मनात येतं की हे तिला कसं ठाऊक? पुढचं सांगत नाही. नवऱ्याच्या डोक्यात खिळा आणि माग काढणाऱ्या माशा ही चीनमधली फार जुनी गोष्ट. पण कायद्याला हवं ते सगळं हातात येऊनही न्यायाधीशाचंच मन खटला चालवायला तयार होत नाही, हे गुलिकने त्यात आणलं.

आणि खरा ती रनज्ये? तो 630 ते 700 या काळातला, तायुआनकडचा. इतिहासात त्याच्या डिटेक्टिव्हगिरीची एकही गोष्ट नाही. एक आकडा आहे. सर्वोच्च न्यायकचेरीत असताना त्याने वर्षभरात सतरा हजार लोकांची अडकलेली प्रकरणं निकाली काढली, आणि अन्याय झाला अशी एकही ओरड आली नाही, असं तांग इतिवृत्त म्हणतं. दरबारी इतिहासकार आकड्यांत उदार असतात हे धरूनही माणूस कामाचा होता हे दिसतं. 676 मध्ये दोन सेनानींनी आधीच्या बादशहाच्या समाधीवरचं सुरूचं झाड चुकून तोडलं. बादशहा काओत्सुंग म्हणाला, ठार करा. ती रनज्येने ठाम सांगितलं की कायद्यात या गुन्ह्याला मृत्युदंड नाही, आणि एका झाडापायी आज माणसं मारली तर उद्या लोक बादशहाला काय म्हणतील? दोघे वाचले.

पण त्याचा स्वतःचा सगळ्यात मोठा खटला 692 मधला, आणि त्यात तो आरोपी होता. चीनच्या इतिहासात स्वतः राज्य करणारी एकमेव सम्राज्ञी वू ज़त्यान तेव्हा गादीवर होती, आणि लाय च्युनछन हा तिचा छळ-अधिकारी राजद्रोहाचे खटले रचण्यात वाकबगार. पहिल्याच प्रश्नाला कबुली देणाऱ्याची शिक्षा सौम्य होईल, असा नियम होता. ती रनज्येने लगेच कबूल केलं. होय, मी राजद्रोही आहे. छळ टळला, पहारा ढिला पडला. मग त्याने पांघरुणाचा कपडा फाडून त्यावर तक्रार लिहिली, ती कापूस भरलेल्या कपड्यात दडवली आणि पहारेकऱ्याला म्हणाला, उकाडा वाढलाय, हा कपडा घरी पाठवा, आतला कापूस काढायला सांगा. मुलाला चिठ्ठी सापडली, तो थेट सम्राज्ञीकडे गेला. तिने ती रनज्येला बोलावून विचारलं, निर्दोष होतास तर कबूल का केलंस? कबूल केलं नसतं तर एव्हाना फटक्यांखाली मेलो असतो, असं त्याने सांगितलं. जीव वाचला, पण पद गेलं; फंगत्सच्या छोट्या जिल्ह्यात दंडाधिकारी म्हणून रवानगी झाली. काही वर्षांनी तिनेच त्याला परत बोलावून पंतप्रधान केलं.

गुलिकच्या मालिकेतली काळाच्या क्रमाने शेवटची कादंबरी 680 च्या सुमाराला, कँटनमध्ये घडते. डी तिथे थकलेला, आपली पद्धत आता सगळ्यांना पाठ झालीय हे ओळखून तपासाचं काम सोडायच्या विचारात आहे. पुढची बारा वर्षं आणि पांघरुणाच्या कपड्यावरची ती चिठ्ठी गुलिकने लिहिली नाही. 1967 मध्ये, सत्तावन्नाव्या वर्षी, तो हेगमध्ये गेला.